मास्तरांच्या कमरेचं माप

मी एक जुनी टेप आहे, मित्रांनो. साठ इंची, पिवळी, शिंप्याच्या, म्हणजे आमच्या मास्तरांच्या, गळ्यात राहणारी. माझे पहिले तीन आकडे पुसले गेलेत, पण आठवण शाबूत आहे. मी नवी होते तेव्हा मास्तरांनी लग्नाच्या पँटसाठी स्वतःची कंबर मोजली. एकतीस भरली. त्यानंतर कधी मोजलीच नाही.

वीस वर्षं मी साऱ्या गल्लीच्या कंबरा मोजल्या. गिऱ्हाईक श्वास ओढून पोट आत घेई, तेव्हा मला हसू येई. मास्तरांची पँट घट्ट झाली की ते शिवण उसवून माया, म्हणजे आत राखलेलं जास्तीचं कापड, थोडी सोडत. झालं काम! त्यांची कारागिरी त्यांच्याच पोटावर पांघरूण घालत होती.

गळ्यात असल्यामुळे मला बाकीचंही कळे. दुपारी मशीनवरच डुलकी, जिना चढताना धाप. "अंगात जोरच राहिला नाही गं," ते बायकोला म्हणत, "दुकान देऊन टाकतो कुणाला तरी." अठ्ठेचाळिसाव्या वर्षी! मला वाईट वाटे आणि कुतूहलही छळे. माणसातला जोर जातो तरी कुठे?

एक दिवस शिवण उसवली, तर आत कापडच उरलं नव्हतं. बायकोनं मला ओढून मास्तरांच्या कमरेला लावलं.

"श्वास सोडा आधी."

"सोडलाय की!"

"गिऱ्हाइकांची नाटकं माझ्यापुढे नकोत."

बेचाळीस.

दुकानात कोट शिवून घ्यायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सकाळी उपाशीपोटी रक्त तपासून घेतलं. साखर वाढलेली, आणि टेस्टोस्टेरॉन नावाचं हार्मोन कमी.

"मग जोराचं इंजेक्शन द्या," मास्तर म्हणाले.

"आधी हे बघा," त्यांनी माझं टोक उचललं. "पोटाची चरबी वाढली की ते हार्मोन घटतं, ते घटलं की चरबी आणखी वाढते. चालणं, झोप, जेवण, तिथून सुरू करू. मग परत तपासू."

काखेत कळसा नि गावाला वळसा! उत्तर माझ्याच आकड्यांत होतं आणि मी गल्ली मोजत फिरत होते.

या गोष्टीला वर्ष झालं. कंबर अडतिसावर आलीय, रक्तातला त्या हार्मोनचा आकडाही वर सरकलाय. दुकान विकण्याची भाषा बंद झाली. परवा मास्तरांनी तीच पँट कमरेत आत घेतली आणि शिवणीत बोटभर माया परत आली. मला फार आनंद झाला.

मित्रांनो, तुमच्या बाबांच्या कमरेलाही एकदा टेप लावा. आणि हो, आधी श्वास सोडायला सांगा.