चढावरचा डुगडुगता बाक

बसा, बसा! पण मधोमध हं, टोकाला नको. मी इंग्लंडातल्या लिंकन गावच्या उभ्या चढावरचा बाक. वरचं थोरलं चर्च बघायला निघालेल्यांचा दम जिथे संपतो, बरोबर तिथे मी.

माझी फळी आधी शाळेत होती. पोरांबरोबर मीही पाढे म्हणायचो, पण साताच्या पाढ्यावर आलो आणि शाळाच मोडली. म्हणून हा असा अर्धवट शहाणा. मग एका सुताराने मला इथे आणलं. सपाट जागा हातभरच, म्हणून पाय मधेच जवळजवळ ठोकले. तेव्हापासून माझं गणित सोपं आहे: दोघं दोन टोकांना बसले तर मी ठीक. एक उठला की दुसरा खाली!

किती साहेब लोळवले म्हणून सांगू! पडता पडता मलाच 'सॉरी' म्हणतात. धाप लागली हे मात्र एकही कबूल करत नाही. "काय सुंदर देखावा!" म्हणत बसतात. समोर मोज्यांचं दुकान आहे.

परवा एका गावाहून सहलीची बस आली. हेस्टरबाई धापा टाकत आल्या, मधे बसल्या. मागून त्यांची धाकटी बहीण म्युरिअल, तिचीही तीच गत. हेस्टर मुकाट्याने एका टोकाला सरकली, म्युरिअल दुसऱ्या टोकाला टेकली. तोंडं दोन दिशांना.

त्यांच्या बसमधल्या बायका कुजबुजत पुढे गेल्या, तेव्हा मला सगळं कळलं. आईच्या अंत्यविधीनंतरच्या चहाला हेस्टर म्युरिअलच्या केकला 'कोरडा' म्हणाली. झालं! नऊ वर्षं अबोला. आणि आता हेस्टर मंगळवारी मुलाकडे कॅनडाला चालली, कायमची.

दोघी बसल्या त्या बसल्याच. शेवटी खालून ड्रायव्हर ओरडला, "चला बायांनो, बस निघाली!"

हेस्टर उठायला लागली. मी कललो.

"अगं ताई, थांब! पडेन ना मी!"

हेस्टर धपकन खाली बसली. "मग तू ऊठ आधी."

"म्हणजे तू पडशील. इतकी वाईट नाहीये मी."

दोघी अडकल्या. मी श्वास रोखून, म्हणजे माझ्यापरीने.

"केक कोरडाच होता," म्युरिअल हळूच म्हणाली. "आई गेलेली, ओव्हनकडे लक्ष कुणाचं?"

"दोन तुकडे खाल्ले मी त्याचे. ते नाही दिसलं तुला."

"सोमवारी चहाला येशील?"

"केक असेल तर."

"कोरडा करू?"

"तसाच कर."

मग लहानपणी सी-सॉवरून उतरायच्या तशा दोघी एक, दोन, तीन म्हणून एकदम उठल्या. चर्च राहिलंच.

"कसं काय होतं वर?" ड्रायव्हरने खालून विचारलं.

"देखावा फार सुंदर!" दोघी एका सुरात.

उद्या सकाळी नवा सुतार येतोय. जागा सपाट करून माझे पाय दूर दूर ठोकणार, मग मी शहाण्यासारखा स्थिर राहणार. लोक सुखाने बसतील आणि न बोलता निघून जातील. तेव्हा तुमचा कुणाशी अबोला असेल, तर त्याला घेऊन आजच या.

आणि टोकाला बसा.