पिशवीचं प्रस्थान

वाणीताई व्हिएन्नाला वेळेवर पोचली नाही. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. तंजावुरात आमच्या घरीही कुणी वाचलेलं नाही. आमच्या घराच्या मते ताई सोमवारी सकाळी आठ पंचावन्नला पोचली.

झालं असं. शहाण्णव साली, चार वर्षं अर्ज करकरून, ताईला तिथल्या एका विद्यापीठात संशोधनाची जागा मिळाली. अट एकच: सोमवारी अकराच्या आत जातीनं हजर राहून सही, नाहीतर जागा दुसऱ्याला. आमचे अप्पा, म्हणजे वडील, तालुका कचेरीतून निवृत्त. गावात नव्यानं उघडलेल्या ट्रॅव्हल एजन्सीत त्यांनी चौकशी केली. वाटेत जर्मनीत फ्रँकफर्टला विमान बदलायचं; तिथून व्हिएन्ना सहाशे किलोमीटर, एक तास पंचवीस मिनिटं. तेवढ्या वेळात आमची बस पंचवीस किलोमीटरवरच्या पापनाशमला पोचते, तेही ड्रायव्हरची कॉफी आधी झाली असेल तर. अप्पांना वेग पटला. वेळ पटली नाही. विमान सुटणार साडेसातला.

"सोमवारचा राहुकाळ साडेसात ते नऊ," अप्पा म्हणाले. "हे विमान राहूनं माप देऊन शिवून घेतलंय."

मी सुचवून पाहिलं की जर्मनीत सूर्य वेगळ्या वेळी उगवतो, शिवाय राहूला व्हिसा लागत असेल. अप्पांनी मला माझ्या बँकेच्या परीक्षेच्या निकालाची आठवण करून दिली.

तोडगा त्यांनीच काढला: प्रस्थान ठेवायचं. वाईट वेळी निघणं भाग असेल तर आपली एखादी वस्तू चांगल्या वेळी शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायची. शास्त्राप्रमाणे प्रवास तेव्हाच सुरू झाला. फ्रँकफर्टात शेजारी कुठून आणायचा, असं ताईनं विचारलं. बाकावर शेजारी बसेल तो शेजारी, असं उत्तर मिळालं.

ताई आज्ञाधारक. सोमवारी सकाळी सात वाजता फ्रँकफर्टच्या विमानतळावर तिनं हातातली पिशवी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंच्या मांडीवर ठेवली, त्यांना नमस्कार केला आणि तोंड धुवायला गेली. बाई व्हिएन्नाच्याच, आणि फार प्रेमळ. विमानाची हाक आली तशा त्या दोन्ही पिशव्या घेऊन चढल्या. ताईचा बोर्डिंग पास पिशवीत. नवा मिळेपर्यंत दार बंद झालं. पुढची जागा थेट संध्याकाळच्या विमानात.

आठ वर्षं अर्ज पडून राहिल्यावर उदारीकरणानं एकदाचा आमच्या घरी टेलिफोन दिला होता. त्याच्यावर ताई रडत होती. अप्पांनी शांतपणे विचारलं, "पिशवी कुठे आहे गे?"

"व्हिएन्नाला."

"मग तू पोचलीस."

लगेच ते टाइपरायटरवर बसले. पत्र इंग्रजीत होतं. मराठीत ते असं:

"मा. कुलसचिव यांस सविनय सादर. कु. वाणी यांची पिशवी (तपकिरी, एक बंद तुटका) सोमवारी सकाळी नऊच्या आत आपल्या शहरात विधिवत उपस्थित होती. सबब, पिशवीची उपस्थिती हीच उमेदवाराची जातीनं उपस्थिती मानून सदर जागा कायम ठेवावी, आणि सही करण्यासाठी पिशवीस वाजवी मुदत मिळावी, ही नम्र विनंती."