लाल पाटी

नणंद आणि मी एकाच वर्गात. ती वेळेवर, मी लग्न-बाळंतपण उरकून. परीक्षा घरूनच ऑनलाइन द्यायची, हे कळल्यावर मला हायसं वाटलं होतं. तान्ह्या ठकीला सोडून कुठे जायला नको!

पण लॅपटॉपचा कॅमेरा डोळ्यांवर पाळत ठेवणारा निघाला. नजर खाली गेली की स्क्रीनवर लाल पाटी: ‘समोर पाहा.’ तिसऱ्या पाटीला पेपर बंद.

ठकीला पोटभर पाजून निजवलं होतं. पेपर सुरू झाला आणि बाईसाहेबांनी भोकाड पसरलं. पलीकडच्या खोलीत नणंदेचाही पेपर चालू, हाक कोणाला मारणार? ठकीला मांडीवर घेतलं, ओढणीआड दूध पाजत एका हातानं टाइप करू लागले. उत्तरं येत होती. सगळी येत होती!

चुटूचुटू आवाज थांबला, म्हणून खाली पाहिलं. लाल पाटी. ओढणी तिच्या नाकावर तर नाही ना आली? लाल पाटी. मग ती दूध सोडून माझ्याकडे बघून हसली. आता ते हसू न बघता राहायचं तरी कसं?

पेपर बंद.

मी सरांना व्हिडिओ कॉल लावला.

“सारखं खाली काय बघत होतात?”

“मुलगी होती सर, मांडीवर.”

“रेकॉर्डिंगमध्ये तर दिसत नाही.”

“दूध पीत होती.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “हं. सिस्टीमला हे सांगायची सोय नाही हो. सोमवारी पुन्हा द्या. पण नियम तेच. परत बंद पडला, तर वर्ष जाईल.”

नणंद आळस देत बाहेर आली. “सोपा होता ना गं वहिनी?”

मी तिच्या खोलीत डोकावले. लॅपटॉपच्या कडेला टेपनं फोन चिकटवलेला. वर्गाच्या ग्रुपवर उत्तरांचा पाऊस पडत होता.

“तुला कशी नाही आली पाटी?”

“स्क्रीनला लागूनच असतो ना फोन. नजर हलतच नाही.”

माझा पेपर बंद पडल्याचं, सोमवारचं ऐकून ती वरमली. “सोमवारी मी सांभाळते हिला.”

“आणि भूक लागली की? बाटली तोंडात तरी घेते का ती?”

“मग ठकीचा फोटोच चिकटव स्क्रीनला!”

हसू आलं, डोळेही भरले. शेवटी तालीम करायची ठरली. कॅमेऱ्याच्या जागी नणंद समोर बसली, मी ठकीला पाजायला घेतलं.

“समोर बघ हं वहिनी. डोळे माझ्यावर.”

बघत होते. अगदी दगडासारखी. ठकीनं जरा वाट पाहिली. मग चिमुकला हात वर आला, माझी हनुवटी चाचपली, मुठीत धरली आणि खाली ओढली.

“लाल पाटी!” नणंद ओरडली.

मी काही मान वर केली नाही.