उशी नव्हे, राखण

आमची सूनबाई तीन माणसं गाडीत बसवायला जेवढा वेळ घेते, तेवढ्या वेळात मी पूर्वी अख्खी बस भरून पुढचा थांबा गाठत असे. हे मी तिच्या तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळे इथे सांगायला हरकत नाही. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या सीटबेल्टला पडलेला पीळ सरळ केला.

माझी हयात बस चालवण्यात गेली. आमच्या वेळी चालकाच्या खुर्चीची पाठ खांद्यापर्यंतच असायची, त्याच्या वर नुसता वारा. ज्याची मान त्यानं सांभाळायची, असा तो जमाना. पुढे डोळ्यांनी दगा दिला, परवाना गेला, आणि आता मी सुनेच्या शेजारी बसून रस्त्याला सूचना देतो. शेजारी बसलेल्या जुन्या चालकाइतका वाईट उतारू दुसरा नसतो, हे मलाही कळतं. पण जित्याची खोड आहे, ती अशी थोडीच जाणार.

सूनबाई काचेच्या दुकानात काम करते. आरसे, तावदानं, झुंबरं लांबच्या गिऱ्हाइकांकडे पाठवायची असतात, ती बांधून देणं हे तिचं काम. तिच्या हातचा आरसा आजवर फुटून परत आलेला नाही, असं तिचे मालक सांगतात. मालक कौतुकाच्या बाबतीत कवडीचुंबक आहेत, म्हणजे ते खरंच असणार. एकदा मी तिला विचारलं, त्यात एवढं काय असतं बुवा, कागद गुंडाळायचा आणि दोरी बांधायची.

"बाबा, काच धक्क्यानं फुटत नाही," ती म्हणाली. "काच आणि खोकं यांच्यामध्ये जी पोकळी राहते ना, तिच्यामुळे फुटते. धक्का बसला की काच त्या पोकळीत धावते. मी पोकळी ठेवत नाही, एवढंच."

मी मान डोलावली आणि विसरून गेलो.

आता आमच्या हिच्याबद्दल. हिच्या मानेच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि बाईसाहेब कितीतरी महिने गळ्यात कॉलर घालून घरात बसल्या. हिची थोरली बहीण, आक्का, दुसऱ्या गावात अंथरुणाला खिळलेली. दोघी रोज संध्याकाळी फोनवर बोलायच्या, आणि फोन ठेवताना आक्का रोज एकच विचारायची, येतेस ना. अलीकडे तिचा आवाज बारीक होत चालला होता. ही फोन ठेवून खिडकीशी उभी राहायची आणि मी विचारलं की म्हणायची, काही नाही. काही नाही म्हणजे काय असतं, ते एवढ्या संसारानंतर मला कळत होतं.

शेवटी डॉक्टरांनी कॉलर काढली आणि प्रवासाला परवानगी दिली, पण अट घालूनच. मानेला हिसका बसता कामा नये. बसला तर सगळं मुसळ केरात, आणि दुसऱ्यांदा ऑपरेशन करून मान इतकी बरी होईल याची खात्री ते देणार नव्हते. हिनं ते ऐकलं आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच सूनबाईला विचारलं, "नेशील?"

मुलगा कामानिमित्त परगावी होता. पण तो इथे असता तरी हिनं सुनेलाच विचारलं असतं.

हिला खोल सोफ्यातून उठता येत नाही, म्हणून हिची उंच, हातांची लाकडी खुर्ची बरोबर न्यायची ठरली. गाडीची मागची सीट दोन भागांत दुमडते, एक मोठा भाग आणि एक लहान. मोठ्या भागावर खुर्ची आडवी घालायची आणि लहान भागावर ही बसणार. आदल्या संध्याकाळी सूनबाई कामावर असताना मी स्वतःच सगळं दुमडून, खुर्ची घालून, मापं पाहिली. मग खुर्ची काढली, दोन्ही भाग पुन्हा उभे केले, खट्‌ असा आवाज ऐकला आणि हात झटकले.

सकाळी सूनबाईनं लहान भागाची पाठ वरून धरली आणि पुढे ओढली. ती तिच्या हातात आली.

मी म्हटलं, अगं, मी खट्‌ ऐकलंय. तिनं बोट दाखवलं. सीटबेल्टचा पट्टा कडेला कुलपात चेंगरला होता आणि त्यानं कुलूप अर्धंच लागलं होतं. वरच्या खटक्याशी एक लाल खूण असते. सीट पक्की बसली की ती आत लपते. इथे ती चांगली बोटभर बाहेर आली होती, आणि माझ्या डोळ्यांना कुठली दिसायला. त्याच जागी ही बसणार होती.

"आवाजावर जाऊ नका, बाबा," सूनबाई म्हणाली. "ओढून बघायचं."

तिनं पट्टा सोडवून बाजूला अडकवला, सीट पुन्हा उभी केली, लाल खूण गेली याची खात्री केली आणि अंगाचा भार टाकून दोनदा ओढली. सीट हलली नाही. मग मोठ्या भागाकडे वळली. तो सपाट दुमडण्याआधी वरच्या, डोकं टेकायच्या दोन्ही उश्या तिनं खटका दाबून उपसून काढल्या. मी एक उशी उचलून मागच्या काचेपाशी ठेवायला लागलो, तर तिनं ती माझ्या हातातून घेतली. ब्रेक लागला की सुटी वस्तू सरळ पुढच्याच्या डोक्यात जाते म्हणे. दोन्ही उश्या जुन्या घोंगडीत गुंडाळून तिनं खुर्चीच्या पायांमध्ये घट्ट बसवल्या. सीट दुमडताना बिजागरीपाशी माझी बोटं होती, तीही तिनं काढायला लावली. खुर्ची गाडीच्या तळाच्या कड्यांना पट्ट्यांनी बांधली आणि बांधल्यावर गदागदा हलवली. खुर्चीबरोबर गाडी हलली, खुर्ची एकटी हलली नाही. हे सगळं बघताना मी तोंडानं कुरकुरत होतो, पण खरं सांगतो, बघत राहावंसं वाटत होतं. असा हात मी चांगल्या मिस्त्रीचाही क्वचित पाहिला आहे.

मग हिला बसवलं. हिच्या सीटची उशी अगदी खाली होती, बरोबर मानेमागे. ही खूश झाली. किती छान टेकतंय, राहू दे गं अशीच, म्हणाली. मीही दुजोरा दिला. उशी ती उशी, मानेखाली नाही तर कुठे घ्यायची.

सूनबाई थांबली. "सगळा घोळ त्या शब्दानं केलाय," ती म्हणाली. "उशी म्हटलं की माणूस ती मानेखाली ओढतो. ही झोपायची उशी नाही, आई. मागून धक्का बसला तर डोकं मागे जाऊ नये म्हणून ही असते. आपण पाठराखण म्हणतो ना? तशी ही डोक्याची राखण."

मी म्हटलं, राखण शेताची असते. ती म्हणाली, "शेत पुन्हा पिकतं, बाबा."

तिनं राखण वर ओढली, तिचा माथा हिच्या माथ्याबरोबर आणला, खटका लागला की नाही ते दाबून पाहिलं. सीटची पाठ सरळ केली. मग हिचं डोकं आणि राखण यांच्यामध्ये बोटं घालून पाहिली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. मध्ये हिचा अंबाडा होता. चांगला मूठभर अंबाडा, त्यानं डोकं पुढे ढकललं जात होतं.

"पोकळी," ती म्हणाली, आणि मला एकदम आरसे आठवले.

आमच्या लग्नापासून ही अंबाड्याशिवाय घराबाहेर पडलेली नाही. आजारपणातही दवाखान्यात जाताना अंबाडा आधी, चपला नंतर. त्यामुळे आता महाभारत होणार अशी माझी खात्री होती. ही खरंच रुसली. या वयात वेणी घालून हिंडू का, आक्का काय म्हणेल, असं सगळं बोलून झालं. सूनबाईनं वाद घातला नाही. दारापाशी वाकून तिनं आकडे एकेक करून काढले, केस विंचरले आणि बाजूनं सैलसर वेणी घालून ती हिच्या खांद्यावरून पुढे आणली. डोकं मागे आलं. बोटं घालायला जेमतेम जागा उरली. हिनं आरशात बघितलं आणि तोंड फिरवलं, पण वेणीवरचा हात काही काढला नाही.

माझी राखणही सूनबाईनं वर केली. मी उंच असल्यामुळे ती शेवटच्या खाचेपर्यंत न्यावी लागली.

आता जे घडलं ते घडलं. वाटेत पेट्रोल भरायला थांबलो. सूनबाई पैसे द्यायला उतरली, मागे हिचा डोळा लागला होता, मलाही पेंग येत होती. मी हात मागे नेला, खटका दाबला आणि राखण मानेपर्यंत खाली ओढली. काय सुख वाटलं म्हणून सांगू. सूनबाई परत आली आणि तिच्या ते लक्षात आलं नाही, कारण मी राखणीच्या माथ्यावर माझी टोपी ठेवली होती. मी काही दुधखुळा नाही.

पुढच्या गावाच्या चौकात लाल दिव्याला गाडी उभी होती. मागून सामानाची एक व्हॅन आली, तिचा ब्रेक उशिरा लागला, आणि धाडकन्‌ आवाज झाला. माझी टोपी उडाली. डोकं राखणीवरून मागे गेलं आणि मानेत कळ उठून खांद्यापर्यंत आली. पण तेव्हा मला स्वतःचं काही सुचलं नाही. माझ्या डोक्यात एकच होतं, संपलं, हिची मान गेली, आक्काची भेट राहिली. मागे वळायचा मला धीर होईना.

सूनबाईचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडले होते. "आई?" ती म्हणाली. "मान हलवू नका. आई?"

मागून जांभई ऐकू आली. मग हिचा झोपाळू आवाज आला. "पोचलो का?"

सूनबाईनं कपाळ स्टिअरिंगला टेकवलं आणि ती रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. मीही रडलो, त्यात लपवायचं काय. खुर्ची जिथल्या तिथे होती. घोंगडीतल्या उश्या जिथल्या तिथे होत्या. व्हॅनवाला खिडकीशी येऊन हात जोडत होता आणि एरवी मी त्याचा पार उद्धार केला असता, पण मी आपला डोळे पुसत राहिलो.

काही होत नाहीये असं ही पुन्हा पुन्हा सांगत होती, तरी सूनबाईनं आधी त्या गावातला दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हिला तपासलं, मानेचा फोटो काढला, आमच्या डॉक्टरांना फोनवर दाखवला आणि सांगितलं की मान ठणठणीत आहे. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. मी इकडेतिकडे बघताना मानेऐवजी सगळा देह फिरवत होतो. मी म्हटलं, मला काही नाही. त्यांनी मानेला नुसतं बोट लावलं आणि मी जो ओरडलो, तो बाहेर औषधवाल्यालाही ऐकू गेला. स्नायू चांगलाच लचकला होता. काही दिवस कॉलर घाला, म्हणाल्या.

सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं. टोपी उडाल्यावर तिला खालची राखण दिसली होतीच.

बोलली ती ही. असू दे म्हणून पिशवीत टाकलेली जुनी कॉलर हिनं काढली, झटकली आणि माझ्यापुढे धरली. "घ्या. माझी वापरून झालीये."

आक्काच्या घरी सूनबाईनं आधी खुर्ची आत नेऊन पलंगाशी मांडली, मग हिला हात धरून आणलं. मी मागून, मान ताठ करून. आक्का आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिली आणि त्या बारीक आवाजात म्हणाली, "ऑपरेशन नक्की कोणाचं झालं?" मग तिची नजर हिच्या खांद्यावर गेली. तिनं वाळका हात पुढे केला, वेणी धरली आणि शेवटापर्यंत चाचपत गेली.

"अगं," ती म्हणाली, "शाळेत जाताना मी तुझी घालायचे ती हीच." अंबाड्याचं नाव दोघींपैकी कुणीच काढलं नाही. सूनबाई हळूच बाहेर गेली आणि मीही तिच्यामागून निघालो.

निघायच्या दिवशी आक्कानं पडल्या पडल्या स्वतः हिची वेणी घातली. वाकडी झाली, हिनं तशीच ठेवली. मी आधीच गाडीपाशी गेलो होतो. हिच्या सीटची पाठ धरून दोनदा ओढली, लाल खूण दिसत नाही ना, ते चष्मा पुसून आणि बोट फिरवून बघितलं. खुर्ची बांधून झाली, ही बसली, हिच्या डोक्यामागे बोटं घालून झाली. सूनबाई चालकाच्या जागेवर बसली आणि तिनं किल्लीला हात घातला.

"थांब जरा, सूनबाई," मी म्हटलं. "माझी राखण बघ गं."

ती उतरली, फिरून माझ्या दाराशी आली आणि तिनं राखण शेवटच्या खाचेपर्यंत वर नेली. मग माझी टोपी काढून माझ्या मांडीवर ठेवली.