रेडिओवरून मागवलेली रांगोळी

मी प्रताप नगरातला चाळीस वर्षांचा संगणक बोलतोय. आजचे मोबाईल मला हसतात, हसू देत. माणसे माझ्या लक्षात राहतात, प्रोग्राम मात्र बटण बंद केले की पुसले जातात. मग टेपवर प्रोग्राम भरलेली कॅसेट लावून तिची किरकिर ऐकवली, की मी पुन्हा शहाणा होतो.

माझे मालक चंद्रभानजी. लग्नानंतर त्यांनी वच्छलाबाईंना ठिपके विचारून विचारून एका रांगोळीचा प्रोग्राम माझ्यासाठी लिहिला आणि कॅसेटवर भरला. पडद्यावर रेघ चुकली की बाई मलाच रागावत. मला ते आवडायचे. पुढे मी कपाटावर गेलो आणि तिथेच राहिलो.

मागच्या वर्षी वच्छलाबाई गेल्या. आवराआवरीत रांगोळीची कॅसेट सापडली, तसे चंद्रभानजींनी मला खाली उतरवले. त्यांना ती रांगोळी एकदा बघायची होती. मलाही.

टेप कधीच मोडला होता. मुलीने, उन्नतीने, सक्करदऱ्याच्या एका दुकानातून कॅसेटचा आवाज मोबाईलमध्ये भरून आणला. पण तिच्या मोबाईलला वायर खोचायला जागाच नाही. मग तिने गाडीतले, मोबाईलची गाणी रेडिओवर पाठवणारे यंत्र आणले आणि एक छोटा रेडिओ वायरीने मला जोडला. मोबाईल खिडकीत, मी टेबलावर, मध्ये नुसती हवा. त्या हवेतून माझी जुनी किरकिर आली.

चंद्रभानजी खुर्ची ओढून बसले. मी भराभर टिपत होतो, आणि मधेच बाईंचा आवाज आला. कधीतरी त्यांच्या हातून याच कॅसेटवर रेकॉर्डिंगचे बटण दाबले गेले असणार. मला बोलणे कळते, पण त्याची रांगोळी करता येत नाही. मी पडद्यावर ‘चूक’ लिहिले. तीनदा लावले, तीनदा तेच.

रेडिओत वायर खोचलेली, म्हणून बाहेर कोणाला काही ऐकू येईना. मी तडफडत राहिलो.

“कॅसेट खराब झाली, बाबा. मिटवून टाकू?” उन्नती म्हणाली.

“टाक,” म्हणत त्यांनी उठून रेडिओतली वायर उपसली. मोबाईल अजून चालूच होता, आणि रेडिओतून बाई बोलल्या.

“अवो, याच्यातलं गाणं काहून वाजून नाही राहिलं? या ना इकडं, चहा थंडा होऊन राहिला.”

चंद्रभानजी वायर हातात धरून उभेच राहिले. मग हळूच म्हणाले, “मिटवू नको वं. मले पुन्हा ऐकव.”

आता रोज चहाच्या वेळी रेडिओ लागतो. वायर काही माझ्याकडे परत आली नाही. रांगोळी निघणार नाही, याचे मला फार वाईट वाटते. तरी एक विनंती आहे. मला पुन्हा कपाटावर ठेवू नका, इथेच त्या आवाजाजवळ राहू द्या. एखाद्या दिवशी बाई मलाही रागावतील, असे उगाच वाटत राहते.