रामकिसनचा खाकी जोड

रामकिसन एसटीत ड्रायव्हर होते, औरंगाबाद–फर्दापूर गाडीवर. महामंडळाकडून मिळणारा धुलाई भत्ता लाँड्रीच्या दोन खेपांतच संपायचा. पुढच्या खेपांचे पैसे ते स्वतःच्या चहा-विडीतून काढत. घरी धुतलेली खाकी त्यांना चालत नसे. गुलमंडीतल्या बद्रीनाथच्या लाँड्रीतून खळ घालून, कडक इस्त्री होऊन आलेलीच हवी.

"गाडी चालवाया निघालात का वरातीला?" त्यांची बायको द्वारकाबाई विचारत.

"मागं पन्नास माणसं बसत्यात," ते म्हणत. "त्यांना धीर वाटाय पाहिजे."

रामकिसनच्या तेराव्यानंतर त्यांच्या मुलीला, आशाला, वडिलांच्या पाकिटात लाँड्रीची पावती सापडली. ती गुलमंडीत गेली. बद्रीनाथने जोड काढून दिला, चौदा रुपये सांगितले आणि आज ड्रायव्हरसाहेब का आले नाहीत म्हणून विचारलं. त्याला काहीच कळलेलं नव्हतं. पंधरा दिवसांत तिच्याशी आवाज न उतरवता बोललेला हा पहिलाच माणूस.

"ड्युटीवर गेलेत," ती म्हणाली.

"मग दुसरा जोड सोमवारी पाठवा. लई मळवतात राव ते."

दुसरा जोड उरलाच नव्हता. छातीत कळ आली तेव्हा तो त्यांच्या अंगावर होता, आणि दवाखान्यात तो कापून काढावा लागला होता. आशाने सोमवारपर्यंत वाट पाहिली. मग दार लावून तिने तोच इस्त्रीचा शर्ट मांडीवर घेतला, मुठीत धरून चुरगाळला. पँटही चुरगाळली. पिशवीत कोंबून ती लाँड्रीत गेली.

बद्रीनाथने सवयीने शर्ट उलटा केला. काखेत घाम नव्हता. कापडात खळ तशीच होती. त्याने तिच्याकडे पाहिलं.

"ताई, कधी झालं हे?"

"बावीस दिवस झाले."

पाणी शिंपडून त्याने तिने पाडलेली एकेक चुणी इस्त्रीखाली मोडली, जोडाची घडी घालून तो कागदात बांधला. पैसे नको म्हणाला.

"घ्या," आशा म्हणाली. "त्यांनी कधी कुणाकडून फुकट धुऊन घेतलं नाही."

त्याने घेतले.

पुडकं छातीशी धरून ती पायरी उतरली. बाबा ड्युटीवर गेलेत असं जिथं सांगता येईल, असं एकही दुकान आता तिच्यासाठी शहरात उरलं नव्हतं.