नव्या कॅमेऱ्याला गुलाल

जोतीरामला खोटं बोलता येत नाही, असा मंगळवार पेठेत सगळ्यांचा समज होता. स्टुडिओत आलेल्या गिऱ्हाइकाला तो तोंडावर सांगायचा, "पावणं, फोटू चेहऱ्यासारखाच येणार, त्याला मी काय करू?" माणसं हसायची आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच्याकडेच यायची. त्याची एकुलती एक मुलगी रूपाली याच समजावर वाढली. बाप नाही म्हणाला म्हणजे नाही, विषय तिथं संपला.

या रूपालीने २००७ साली, दसऱ्याच्या थोडं आधी, डिजिटल एसएलआर कॅमेरा घेतला. तोवर स्टुडिओत रोलचा कॅमेरा होता, आणि जोतीरामच्या मते कॅमेरा म्हणजे तोच, बाकी सगळी खेळणी. पण दिवाळीनंतर लग्नं सुरू होणार होती आणि लोक आता सीडी मागत होते. पोरगी हट्टाला पेटली. हट्ट बापाचाच होता, त्यामुळे त्याला फार बोलताही येईना.

पुण्याहून पेटी आली त्या संध्याकाळी कॉटवर सगळा संसार मांडला गेला. कॅमेऱ्याचं काळंभोर धूड, दोन लेन्सा, फ्लॅश, चार्जर, बिस्किटाएवढं कार्ड, ट्रायपॉड, आणि धूळ उडवायला एक रबरी फुगा. मांडणी करायला तोहिद होता. तोहिद शेजारच्या गल्लीतला, लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचा. रूपाली फोटो काढायची, तो शूटिंग करायचा, ऑर्डर दोघं मिळून घ्यायची. शाळेत असल्यापासून तो या घरात जेवला-खेळला होता आणि जोतीरामला आबाच म्हणायचा.

"बॅटरी पैल्यांदा पुरती चार्ज कर. आणि लेन्स बदलताना तोंड खाली धरायचं," तोहिद सांगत होता. "आत काय गेलं तर तिथंच बसतंय. रोलमधी तसं नसतंय. रोलवर धूळ पडली तर त्या फोटूसंगं पुढं सरकत्या. हितं रोलच्या जागी काच हाय, ती जाग्यावरच असत्या. एक ठिपका पडला की परत्येक फोटूत तोच ठिपका."

रूपाली मान डोलावत होती. जोतीराम खुर्चीत बसून ऐकत होता, त्याला कुणी काही विचारत नव्हतं. ज्या पोरीला त्याने कॅमेरा कसा धरायचा, श्वास कधी रोखायचा हे शिकवलं, ती आता दुसऱ्याकडून शिकत होती. शिकवणारा तोहिदच होता, परका नव्हता, तरी त्याला ते लागलं. सांगण्यासारखं आपल्याकडे काहीतरी असावं म्हणून तो म्हणाला, "उद्या ऐतवार हाय. गुलाल लावून घेऊया त्याला."

त्या घरात नवी वस्तू आली की तिला जोतिबाचा गुलाल लागायचा. शिलाई मशीन, टीव्ही, रूपालीची स्कूटी, कुणीच त्यातून सुटलं नव्हतं. डोंगरावरून आणलेली गुलालाची पुडी देव्हाऱ्यात कायम असायची. जोतीरामच्या रोलच्या कॅमेऱ्याच्या शिवणीत तर इतक्या वर्षांचा गुलाल मुरला होता की मूळचं चामडं कुठल्या रंगाचं होतं ते आता त्यालाही आठवत नसेल.

"आबा, ह्याला गुलाल-बिलाल काय लावायचा न्हाय," रूपाली म्हणाली. "हे इलेक्ट्रॉनिक हाय. हातसुदा लावू नका."

शेवटचं वाक्य तिने बोलायला नको होतं. पण कोल्हापूरची पोर ती, मनातलं ओठावर यायला मध्ये दारच नाही.

दुसऱ्या दिवशी रूपाली कार्ड वाचायचं यंत्र आणायला राजारामपुरीत गेली. बायको बिद्रीला माहेरी गेली होती. घर रिकामं होतं आणि वार जोतिबाचा होता. जोतीरामने आंघोळ केली, पाट मांडला, त्यावर नवा कपडा घातला आणि बॅगेतली एकेक वस्तू काढून ठेवली. सगळ्यांना गुलाल लागायचा तर सुटा सुटा लागावा, म्हणून लेन्सही काढून वेगळी ठेवली. इतक्या वर्षांच्या सवयीच्या बोटांना ती कशी फिरवायची हे सांगावं लागलं नाही. फ्लॅशला, चार्जरला, ट्रायपॉडच्या तिन्ही पायांना त्याने बोट लावलं. मग कॅमेऱ्याच्या कपाळावर, म्हणजे वरच्या उंचवट्यावर, चिमूट ठेवली आणि हात जोडून म्हणाला, "पोरीला यश दे. चांगभलं."

चिमूट जरा मोठी झाली होती. थोडा गुलाल ओघळून पुढच्या उघड्या तोंडात उतरला. आतल्या छोट्या आरशावर गुलाबी भुकटी दिसली आणि जोतीरामने जन्मभर केलं तेच केलं, जोरात फुंकर मारली. आरसा स्वच्छ झाला. सगळं ठीक आहे ना बघायला त्याने बटण दाबलं, खटॅक आवाज आला, आरसा वर जाऊन खाली आला. त्याला बरं वाटलं. बाहेरचा गुलाल धोतराच्या सोग्याने पुसला, लेन्स बसवली, सगळं जसं होतं तसं बॅगेत भरलं. पोरीची आज्ञा मोडल्याची धाकधूक होती, पण देवाचं केल्याचं समाधान त्याहून मोठं होतं.

चार-पाच दिवस रूपालीने घरातच फोटो काढले. भांडी, खिडकी, झोपलेली मांजर. त्या भरगच्च फोटोंत काही दिसलं नाही. मग तोहिदने एका दिवसासाठी कॅमेरा मागितला आणि पन्हाळ्यावर गेला. परत आल्यावर तिघं संगणकापुढे बसले. सज्जाकोठी, तटबंदी, खालची शेतं आणि वर भलंमोठं निळं आभाळ. त्या आभाळात उजव्या बाजूला काळपट ठिपके होते. रूपालीने पुढचा फोटो उघडला. ठिपके तिथंच. त्याच्या पुढचा, त्याच्याही पुढचा. 

ठिपके गुलाबी नव्हते. सावली कसल्या रंगाची पडते हे जोतीरामला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याला पहिल्याच फोटोत कळलं, फुंकरीने उडालेला गुलाल आरशामागच्या काचेवर जाऊन बसला होता.

"काच खराब झाल्या," रूपाली म्हणाली. तिचा आवाज चढला. "आबा, तुमी हात लावलातासा काय ह्याला?"

जोतीराम म्हणाला, "न्हाय बा."

इतकं सोपं होतं ते. तोंडातून गेलं आणि परत घेता येईना. तोहिदने वळून त्याच्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर. मग तो संगणकाकडे वळला.

"मग तू?" रूपालीने त्याला विचारलं. "वर लेन्स काढलीतीस?"

"काढलीती," तोहिद म्हणाला.

"त्या वाऱ्यात? मला शिकवतोस आणि सोता डोंगरावर लेन्स उघडतोस?"

"चुकलं असंल माझ्याच हातनं."

"असंल म्हंजे? झालंय की! दुसऱ्याची वस्तू हाय, जरा जपून वापरावी म्हणतंय माणूस. आता परत हात लावायचा न्हाय ह्याला."

आणखीही बोलली ती. रागात माणूस जे बोलतं ते सगळं. तोहिदने चप्पल घातली आणि जाताना नेहमीसारखं "आबा, येतो" म्हणाला. 

कॅमेरा साफ करायला पुण्याला पाठवायचं ठरलं, आणि दिवाळीनंतर वारणानगरला एका लग्नाची ऑर्डर होती, तिच्या शूटिंगसाठी रूपालीने दुसराच माणूस सांगितला. तोहिद यायचा बंद झाला. ती त्याचं नाव काढत नव्हती, पण जेवताना मध्येच थांबून दाराकडे बघायची. जोतीराम ते बघायचा आणि भाकरी तोंडात फिरत राहायची. आज सांगू, असं रोज सकाळी ठरवायचा. मग ती चहा आणून द्यायची, "आबा, साखर बगा की पुरली काय" म्हणायची, आणि त्याचं अवसान गळायचं. गुलालाचं सांगायला तो इतका भीत नव्हता. त्या 'न्हाय'चं काय सांगायचं हे त्याला कळत नव्हतं. देव्हाऱ्यापुढे बसला तर पुडीकडे नजर जायची, म्हणून त्याने पूजाही उरकती घेतली. देवाला फसवायला निघालेला माणूस, दुसरं काय म्हणायचं त्याला!

शेवटी एका दुपारी तो तोहिदच्या घरी गेला. रूपालीला सांगण्यापेक्षा तोहिदला सांगणं सोपं होतं, म्हणून तिथं गेला. एवढा शहाणपणा भ्याडालाही असतो.

तोहिदची आई सलमा दारातच शिवणाला बसली होती. "या की आबा," म्हणून तिने लगबगीने खुर्ची दिली. "बरं झालं आलासा. पोरांचं काय बिनसलंय ओ? ह्यो नुसता पडून असतोय. इचारलं तर म्हणतोय, माझी चूक हाय. काय केलंय ह्यानं?"

जोतीराम खुर्चीच्या कडेला टेकला. तोहिद आतून आला, आईला चहा ठेवायला लावला आणि समोर जमिनीवर बसला.

"तोहिद," जोतीराम म्हणाला, "ते ठिपकं माझ्यामुळं पडल्यात. मी गुलाल लावला त्याला."

"म्हाईत हाय," तोहिद म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? पन्हाळ्यावर लेन्स काढली तर आत कडंनं गुलाबी. जोतिबाचा गुलाल मी वळखत न्हाय व्हय, आबा? ल्हान असताना खांद्यावर बसवून तुमीच न्हेलतासा की मला डोंगरावर. घरी आलो तर अम्मीनं मला वळखलं न्हवतं."

जोतीरामला ते आठवलं. पोरगं पायापासून केसांपर्यंत गुलाबी होतं आणि सलमा हसून हसून बेजार झाली होती.

"मग बोलला का न्हाईस त्या दिवशी?"

"तुमी न्हाय म्हणालासा," तोहिद म्हणाला. "तिच्यापुढं तुमाला खोटं पाडू?"

त्यापेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर जोतीरामला सोसलं असतं. सलमाने आणलेला चहा त्याने कसाबसा घेतला आणि उठला. तोहिद दारापर्यंत आला. "ऱ्हाऊ दे आबा. तिला सांगू नका. माझं काय, निवळंल तिचं डोस्कं," म्हणाला. आणि खरं सांगायचं तर अर्ध्या गल्लीपर्यंत जोतीरामला ते पटत चाललं होतं. कोपऱ्यावर त्याला स्वतःचीच शिसारी आली.

रूपाली स्टुडिओत कॅमेरा पुण्याला पाठवायची तयारी करत होती. त्याने दार लोटलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पाट, पुडी, फुंकर, बटण. आत्ता तोहिदकडून आलो हेही सांगितलं. काही लपवलं नाही. ती ओरडेल म्हणून तो वाट बघत राहिला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"गुलालाचं काय न्हाय, आबा," ती हळू म्हणाली. "काच पुण्याला साफ हुत्या. पण मी तुमाला इचारलंतं की."

"व्हय."

"तुमी न्हाय म्हणालासा. म्हणून मी त्याला बोललो. दुसरं कुणी न्हाय म्हणालं असतं तर मी सोता लेन्स काढून आत बगितलं असतं. तुमचं ऐकलं आणि बगितलंच न्हाय." तिचे डोळे भरले होते. "तुमाला म्हाईत, त्याला म्हाईत. आणि मी एकटाच त्याला नाय नाय ते बोललो."

तिने कॅमेऱ्याची बॅग उचलली आणि तशीच बाहेर पडली. जोतीराम मागोमाग निघाला. ती भरभर चालत होती, त्याला गाठता येत नव्हतं. तो गल्लीत शिरला तेव्हा ती तोहिदच्या दारात पोहोचली होती. सलमाचं मशीन थांबलं होतं. तोहिद उंबऱ्यात उभा होता आणि रूपाली त्याच्यापुढे मान खाली घालून उभी होती. सगळ्या पेठेला तोंड देणारी ही पोर, तिची मान जोतीरामने अशी कधी पाहिली नव्हती.

"चुकलो मी," ती म्हणत होती. "माफ कर मला. चुकलो."

जोतीरामला ओरडून सांगावंसं वाटलं, तू नव्हे गं, मी चुकलोय. पण तेवढ्यात तोहिदने तिच्या खांद्यावरची बॅग काढून आपल्या खांद्यावर घेतली आणि म्हणाला, "बस की आत. तुझा डबा कॅमेरा बगू काय म्हणतोय." रूपाली रडता रडता हसली आणि उंबरा ओलांडून आत गेली.

सलमाने बाहेर डोकावून पाहिलं. "आबा, उनात का हुबारलाय? आत या की," ती म्हणाली. ती अजून काही जाणत नव्हती. पोरांनी तिला सांगितलं नव्हतं, आणि पोरं सांगणारही नव्हती.

जोतीराम पुढे आला, खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला. "आधी माझं एक ऐकून घे, सलमा," तो म्हणाला. "मग आत बोलवायचं का न्हाय ते तू ठरीव."